लेथचं लांबचं टोक

कॅनडात, सास्कॅचवानमधल्या एका गावात ॲडलीनच्या दिवंगत नवऱ्याच्या वर्कशॉपचा लिलाव होता, आणि ती आल्यागेल्याला कॉफी ओतून देत होती. रांगेत दुरुस्तीचं दुकान चालवणारं एक जोडपं लोखंड कातायच्या मोठ्या लेथवरून हुज्जत घालत होतं.

“काम पकडणाऱ्या चकाजवळ पार झिजलंय, हॉलिस. लांबचं टोक मात्र कोरं करकरीत. जन्मभर टीचभर कामं केलीत त्यानं, एवढं धूड घेऊन.”

“आपल्याकडं मोठी येतील, व्हर्ना. कापणीयंत्राचे लांब शाफ्ट आपल्या लेथवर मावत नाहीत, म्हणून तर गिऱ्हाईक शहरात जातं.”

“त्यालाही असंच वाटलं असेल. सगळी शिल्लक घाल, आणि मग अर्धं मशीन नुसतं पुसत बस.”

“काकू, तुमच्या यजमानांकडं लांब शाफ्ट यायचेच नाहीत का?” हॉलिसनं ॲडलीनला विचारलं.

“यायचे की. तो परत पाठवायचा.”

“का बरं?”

“त्या टोकाला मी बसायचे, विणकाम घेऊन. मला ऊठ म्हणणं त्याला कधी जमलं नाही.”

व्हर्ना हॉलिसकडं वळली.

“लाव बोली,” ती म्हणाली. “पण मला विणता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”