सासूबाईंचं बोट

साखर तपासायच्या रांगेतली गरोदर बाई सुईच्या धास्तीनं मूठ आवळून बसली होती. पुढे एक सासू-सून डॉक्टरीणबाईंशी बोलत होत्या.

"गरोदरपणातल्या मधुमेहाच्या अभ्यासात हिचे आकडे छान आहेत म्हणालात ना? ते माझे आहेत."

"म्हणजे?"

"रोज सकाळी घरी हिचं बोट टोचायला हातच होईना. माझंच टोचायचे."

"अहो आई! मला म्हणायचात, झोपेतच टोचलं, तुला कळलंही नाही!"

"एकाच घरचं खातो की आपण."

"थांबा, हिची खरी साखर बघू. हं... नशीब, बरी आहे! पण मावशी, आता अभ्यासात तुमचंही नाव घालावं लागणार."

"घाला की. फक्त कितवा महिना ते विचारू नका."

मागची बाई इतकी हसली, की मूठ कधी उघडली ते तिला कळलंही नाही.