ठिपका गोल दिसेपर्यंत

...नाही, पण ठिपका म्हणजे गोलच असायला हवा ना? तुम्हीच सांगा! मी बॉस्टनला शिकून वायोमिंगला घरी परत आले ती काय मनात धरून? की मेंढ्या आणि कोयोट, म्हणजे आमच्याकडचे ते लांडग्यासारखे कोल्हे, एकाच टेकडीवर नांदतील, त्यांना बुजवायला कुंपणाला रंगीत फडकी लावू, राखणीला चांगले कुत्रे ठेवू आणि बंदूक कायमची माळ्यावर! आणि दारात पाऊल टाकलं तर वर्ला आत्याने हातात काय दिलं? रायफल!

"माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. रोज एक कोकरू जातंय. तुझा नेम बसला तर कळप राहील, नाहीतर शनिवारी ट्रक येतोय, विकून मोकळी!"

मी घाबरले नव्हते हं... फक्त ती रायफल मी दुसऱ्याचं झोपलेलं बाळ धरावं तशी धरली होती.

मदतीला शेजारचे एल्डन काका. "पोरी, चावत नाही ती!" त्यांनी रायफलीवर नेम धरायची एक काचेची डबी बसवली, आत लाल ठिपका. स्क्रू आवळले, नळीतून आरपार बघून समोर टांगलेला निशाण्याचा कागद आणि ठिपका एका रेषेत आणला. "आता ठिपका जिथे, गोळी तिथे. तीन गोळ्या मार. तिन्ही भोकं या झाकणाखाली झाकली गेली की झालं." झाकण आत्याच्या जॅमच्या बरणीचं! एवढंसं!

मी डोळा लावला... आणि ठिपका कुठला? चेंगरलेला टोमॅटो! शेपूट फुटलेला! कुठल्या टोकाने नेम धरायचा? धाड! गोळी डावीकडे. मी लगेच बाजूचा स्क्रू फिरवला. धाड! उजवीकडे. परत फिरवला. धाड! ही तर कागदालाच चुकवून गेली.

"अगं, दर गोळीला काय फिरवतेस! आधी तीन मार, मग बघ!" काका ओरडले.

मी घाबरले नव्हते, तुम्हाला सांगते... फक्त दर वेळी चाप ओढायच्या आधी डोळे मिटत होते.

"डबी खराब आहे," मी म्हणाले. आत्याने वाकून पाहिलं. "असाच असतो! सगळ्यांचा टोमॅटोच! तुझ्या आजोबांनी अशा दोन डब्या परत केल्या, तुझ्या बाबांनी एक. दुकानदार अजून बोलत नाही आमच्याशी!"

मग काकांनी पाहिलं. टोपी काढली. हळूच म्हणाले, "वर्ला... गोल आहे गं."

"गोल कसा असेल?"

"गोल आहे. तुमच्या घराण्याचे डोळेच वाकडे."

आत्याने एकदा हा डोळा लावला, एकदा तो! आणि मला आठवलं... बॅगेच्या तळाशी चष्मा! बॉस्टनच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला. मला वाटायचं, तिथल्या लोकांना सगळ्यातच दोष दिसतो. घातला... आणि अहो, ठिपका! गोल, लाल, शांत! काकांनी स्क्रू परत जागेवर आणले. एक, दोन, तीन. झाकण ठेवलं. तिन्ही भोकं खाली!

आत्या नाचली, एका खांद्याने. आणि मी? मी तिथेच मातीत बसले. कारण इतका वेळ ठिपका वाकडा होता ना, तोवर बरं होतं! दोष त्याचा होता! आता गोळी जाईल तिथे मीच पाठवलेली असणार. घाबरले नव्हते म्हणायची सोयच उरली नाही. घाबरले होते. पार मुळापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनकेक समोर ठेवून आत्याने फोन उचलला. "ट्रकवाल्याला काय सांगू?"

"येऊ नको म्हणावं. मेंढवाड्याजवळ मी बसते."

"आणि कोयोट आला तर?"

"फडकी लावते ना."

"फडकी ओलांडून आला तर?"

"ओरडेन. भांडी बडवेन."

"आणि तरीही कोकराकडेच निघाला तर?"

मी रायफल जवळ ओढली. चष्मा पुसला आणि घातला. काय करणार... ठिपका गोल दिसायला लागला ना!