व्याह्यांचा नेम

नवी मुंबईचं नावही नव्हतं तेव्हाची गोष्ट. उरणच्या तळ्यावर सहलीला आणलेल्या व्याह्यांना मी बदकाचं कालवण कबूल करून बसलो होतो. आमचा गोमा कोळी तळ्यात मडकी सोडायचा. बदकं सरावली, की एक मडकं डोक्यावर पालथं घालून गळाभर पाण्यातून जायचा आणि बदकाचे पाय धरायचा. ही गंमत व्याह्यांना ठाऊक नव्हती.

गोमा बदकांपाशी पोचला, तोच व्याही दगड घेऊन उठले.

“शेट, ते मधलं मडकं फोडून दाखवू?”

ओरडावं तर बदकं उडणार, गप्प राहावं तर गोमाचं डोकं! मी नुसताच त्यांचा सदरा ओढला. मडकं फुटलं, बदकं उडाली. गळ्यात मडक्याचा काठ हारासारखा घालून गोमा उभा.

“शेट, पावन्यांचा नेम झकास हाय,” तो म्हणाला. “मंग बदकालाच का नाय मारला?”