काचेवरचं पाणी

नॉर्मन: वळण गेलं, थेल्मा.

थेल्मा: पाहिलं मी.

नॉर्मन: मग घ्यायचं होतं ना. गॅरेज तिकडे, बाजारचौकाच्या मागे. आता पुढून फिरून या. घाई नको. मागे ट्रक आहे, आरशात बघत राहा.

थेल्मा: फिरायचं नाहीये. सरळ जायचंय.

नॉर्मन: सरळ गेलं की सटनचा चढ लागतो.

थेल्मा: लागू दे. तपासणी फायली गावाला आहे.

नॉर्मन: फायलीला? समुद्रावर? अहो, पन्नास मैल आहे ते.

थेल्मा: एक्कावन्न. नकाशावर दोरा ठेवून मोजलंय.

नॉर्मन: हे बघा, डेनिस गेल्यापासून ही गाडी रस्त्याबाहेर आहे असं तुम्ही सरकारला लिहून दिलंय. अशी गाडी बाहेर काढायची मुभा एकाच कामासाठी असते. आधी वेळ ठरवलेल्या वार्षिक तपासणीला न्यायची, बस.

थेल्मा: तपासणीलाच नेतेय. साडेबाराची वेळ आहे. विमा कालपासून सुरू झालाय. अजून काही?

नॉर्मन: पण माणूस जवळच्या गॅरेजात नेतो.

थेल्मा: 'कायद्यात अंतराची मर्यादा सांगितलेली नाही.' चर्चची पत्रिका, मार्चचा अंक, 'मोटारवाल्यांच्या शंका'. तुमचंच सदर. कात्रण पर्समध्ये आहे.

नॉर्मन: ते एका वाचकाला दिलेलं तात्त्विक उत्तर होतं. कोणी खरंच तसं करेल असं मला वाटलं नव्हतं.

थेल्मा: तो वाचक मीच. 'एक जिज्ञासू, थर्स्क'.

नॉर्मन: एक जिज्ञासू तुम्ही? अहो, वर्षभर त्या जिज्ञासूने माझं डोकं खाल्लं. टायर किती झिजला की बदलायचा, मालक वारल्यावर गाडी नावावर कशी करायची, बॅटरी उतरली तर काय. मला वाटायचं, कोणी तरुण हौशी मुलगा असेल.

थेल्मा: शंका खऱ्याच होत्या. डेनिसने चाळीस वर्षांच्या संसारात मला टायरची हवासुद्धा बघू दिली नाही. आणि तुम्हाला कुंपणावरून विचारलं असतं, तर तुम्ही सगळी हत्यारं घेऊन दारात हजर झाला असतात.

नॉर्मन: झालो असतो, त्यात काय. दुसऱ्या गियरवर घ्या आता. चढ सुरू झाला.

थेल्मा: घेतला.

नॉर्मन: वळणावर पहिला लागेल. पाय सोडू नका. थांबलात तर मागचे सगळे थांबतील. हां. हां, अशीच. अहो, इंजिन ओरडतंय.

थेल्मा: इंजिन नाही, तुम्ही ओरडताय.

नॉर्मन: मी गप्प बसतो.

थेल्मा: बसा. वरपर्यंत बसा.

नॉर्मन: …आलं. आलं की वर. शाबास, थेल्मा. इथे गेल्याच आठवड्यात एका धडधाकट माणसाची गाडी बंद पडली होती. आता श्वास घ्या आणि मला सांगा, फायलीच का?

थेल्मा: तिथे क्रेगचं गॅरेज आहे.

नॉर्मन: तुमचा मुलगा क्रेग? त्याने बोलावलं तुम्हाला?

थेल्मा: नाही. सहा वर्षांत आम्ही बोललेलोच नाही. डेनिसच्या अंत्यविधीला आला, शेवटच्या बाकामागे उभा राहिला आणि नंतरच्या चहा-सँडविचलासुद्धा न थांबता गेला. तुम्ही होतात की तिथे.

नॉर्मन: होतो. मला वाटलं, त्याला समुद्राला भरती यायच्या आधी पोचायचं असेल.

थेल्मा: गॅरेजवाल्याला भरतीचं काय, नॉर्मन?

नॉर्मन: मग असं अचानक जायचं? फोन तरी करायचा.

थेल्मा: सात वेळा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. मग संगणकावर तपासणीची वेळ घेतली. नाव माहेरचं दिलं, पण गाडीचा नंबर खराच द्यावा लागतो. या गाडीचा नंबर तो झोपेतही सांगेल. त्याला नको असतं तर त्याने वेळ रद्द केली असती. केली नाही.

नॉर्मन: कदाचित त्याने अजून यादी पाहिलीच नसेल.

थेल्मा: तुम्ही मगाशी गप्प बसणार होतात.

नॉर्मन: एक विचारू का? डेनिस म्हणायचा, 'पोटच्या पोराने मला रस्त्यावर आणलं.' मला नेहमी वाटायचं, काही इस्टेटीचं असणार.

थेल्मा: कसली इस्टेट. ही गाडी. क्रेगला तपासनिसाचं प्रमाणपत्र मिळालं, त्या आठवड्यात डेनिस ऐटीत घेऊन गेला. मुलाची पहिली तपासणी आपल्याच गाडीची व्हावी म्हणून. आणि क्रेगने नापास केली.

नॉर्मन: बापाची गाडी?

थेल्मा: चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या बापाची. दाराखालचा पत्रा गंजला होता, सीटचा पट्टा बसतो तिथेच. डेनिस म्हणाला, 'या वर्षी घे चालवून, पुढच्या वर्षी करतो.' क्रेग म्हणाला, 'त्या सीटवर आई बसते.' बाकीचे तपासनीस हसले. डेनिस किल्ली घेऊन निघून आला, तो कायमचा.

नॉर्मन: नियमाने बघितलं तर मुलाचं बरोबर होतं.

थेल्मा: डेनिसलाही ते माहीत होतं. पुढच्या रविवारी हा माणूस गाडीखाली पाठीवर पडून दिवसभर जोडकाम करत होता. नवा पत्रा कापून घातला. बाहेर आला तो काळाकुट्ट, आणि म्हणाला, 'क्रेगला हे सांगायचं नाही.' मी नाही सांगितलं. आधी तो जिवंत होता म्हणून, नंतर तो नव्हता म्हणून. मुलाला सहा वर्षं वाटत राहिलं की बापाने त्याला मोजलंच नाही. एका वाक्याचं काम होतं आणि मी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

नॉर्मन: आता सांगालच की.

थेल्मा: कधी सांगू? तपासणीला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तो गाडीखाली असणार. मग कागद हातात देईल, 'झालं' म्हणेल आणि पुढच्याची गाडी आत घेईल. तो बापावर गेलाय. काम असलं की बोलायचं नाही, आणि काम नेहमीच असतं.

नॉर्मन: निदान गाडीची काळजी नको. काल मी सगळं पाहिलंय. दिवे, भोंगा, वायपर. वीस पेन्सचं नाणं टायरच्या खाचेत घालून पाहिलं, कड दिसली नाही. काच धुवायच्या पाण्याची टाकीसुद्धा काठोकाठ भरली. निम्मे लोक तिथेच अडकतात, जूनच्या अंकात मी लिहिलं होतं. बिनघोर पास होईल.

थेल्मा: हो ना. मला तीच भीती आहे.

(फायली. गाडी समुद्राकाठी उभी. थेल्मा आत बसलेली, नॉर्मन टपरीवरून चहा घेऊन येतो.)

नॉर्मन: हे घ्या, चहा. साखर एकच घातलीय. समुद्रावर वारा काय सुटलाय. अहो, काच एवढी ओली कशी? बॉनेटवरून पाणी गळतंय.

थेल्मा: सीगलने घाण केली होती. धुतली.

नॉर्मन: एवढी? मी रांगेत उभा राहून वायपर बघत होतो. पाच मिनिटं चालले होते.

थेल्मा: मोठा सीगल होता. चहा संपवा, साडेबाराला दहा कमी आहेत.

(गॅरेज. गाडी वर उचललेली. थेल्मा आणि नॉर्मन पिवळ्या रेघेच्या अलीकडे खुर्च्यांवर.)

नॉर्मन: काही बोलला का आल्यावर?

थेल्मा: 'किल्ली आतच राहू दे,' म्हणाला.

नॉर्मन: एवढंच?

थेल्मा: माझ्या कोटाकडे बघितलं. हा कोट त्यानेच मला घेऊन दिला होता.

नॉर्मन: सीटचे पट्टे बघून झाले, डिकी उघडून झाली. मग मध्येच कुठे गेला? मागच्या जिन्याने वर जाऊन आला बघा.

थेल्मा: वरच राहतो तो. काहीतरी विसरला असेल.

नॉर्मन: आता खाली शिरला. बराच वेळ झाला. एकाच जागी दिवा धरून उभा आहे.

थेल्मा: कोणत्या बाजूला?

नॉर्मन: डावीकडे, दाराखाली. थेल्मा, हात काढा माझ्या मनगटावरून, रक्त थांबलंय.

क्रेग: आई.

थेल्मा: काय रे?

क्रेग: जरा इकडे ये. रेघेची काळजी करू नकोस. हे जोडकाम कुठे करून घेतलंत?

थेल्मा: तुला काय वाटतं?

क्रेग: गॅरेजवाले असं करत नाहीत. वेल्डिंगचे टाके इतके जवळजवळ कोणी घालत नाही, वेळ लागतो. वर काळा रंगही दोनदा दिलाय. असं काम एकच माणूस करायचा. पण तो तर मला म्हणाला होता, 'तुला गाड्यांतलं काही कळत नाही.'

थेल्मा: तू नापास केलीस, त्याच्या पुढच्याच रविवारी केलं. दिवसभर गाडीखाली होते. मला म्हणाले, क्रेगला सांगू नकोस. मी मूर्ख, ऐकलं. तू बरोबर होतास हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.

क्रेग: पुढच्याच रविवारी?

थेल्मा: जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. मी ताट खाली सरकवलं.

क्रेग: मी त्या वर्षी नाताळला घरी यायला निघालो होतो, आई. अर्ध्या वाटेवर, पिकरिंगपर्यंत येऊन परत फिरलो.

थेल्मा: आम्ही दाराचा दिवा चालू ठेवला होता. त्यांनीच ठेवला होता.

क्रेग: …नॉर्मनकाका, तुम्ही असे का उभे आहात? डोळ्यांत काही गेलंय का?

नॉर्मन: खारा वारा आहे. तपासणीचं काय झालं ते सांग. पास ना?

क्रेग: ब्रेक उत्तम. टायर उत्तम. खालचा पत्रा नव्याहून बरा.

नॉर्मन: म्हटलं नव्हतं मी?

क्रेग: पण नापास.

नॉर्मन: नापास? कशात?

क्रेग: काच धुवायला पाणी नाही. टाकी ठणठणीत कोरडी आहे.

नॉर्मन: शक्य नाही. काल मी स्वतः काठोकाठ भरलीय. टाकी फुटली असेल. नाहीतर… थेल्मा. सीगल?

थेल्मा: या गावातले सीगल फार माजलेत, नॉर्मन.

नॉर्मन: बरं, मग काय बिघडलं? कोपऱ्यात नळ आहे. क्रेग, तो डबा दे इकडे, दोन मिनिटांत भरतो, आणि तू पासचा कागद काढ. सगळे तपासनीस एवढं चालवून घेतात.

क्रेग: या गाडीला मी काही चालवून घेत नाही, काका. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

नॉर्मन: अरे, पाणी भरायला असा किती वेळ लागतो?

क्रेग: बघावं लागेल. आज शुक्रवार. सोमवारी दुपारपर्यंत होईल असं वाटतं. उशीरही होऊ शकतो.

नॉर्मन: सोमवार? पाण्याला? माझ्या सदरात मी कधी असं… अच्छा. हां. बरोबर आहे. पाण्याचं काम तसं नाजूकच असतं.

क्रेग: तुम्हाला तीनच्या गाडीला स्टेशनवर सोडतो. की तुम्हीही थांबता?

नॉर्मन: नाही नाही, मांजर उपाशी आहे. आणि पुढच्या अंकाचा मजकूर द्यायचाय. जिज्ञासूची शंका आलेली नाही या महिन्यात. आता बहुधा येणारही नाही.

थेल्मा: येईल हो. परत जाताना तो चढ उतरायचा कसा, ते अजून विचारायचंय.

क्रेग: उतरताना मी शेजारी बसेन.

थेल्मा: बरं. मग ऐक, डिकीत माझी एक छोटी बॅग आहे. दोन दिवसांचे कपडे आहेत, सहज टाकले होते. तेवढी काढून दे.

क्रेग: ती मी मघाशीच वर नेऊन ठेवली, आई.