पाचवं इंजेक्शन

बस म्हटलं ना, कृष्णराज — उभा कशाला राहतोस सारखा? गाडी कुठं पळून जातीय का तुझी? दारातच हाय, पांढरीधोप, मघापासनं गल्लीतली पोरं तिच्या काचेत तोंडं बघायलीत. अक्षदा तयार व्हायलीय. वेळ लागतो. चहा घे — घे की, विष न्हाय घातलं त्यात, घालावं वाटलं तरी. काय म्हणालास? मॅडम? अजून मॅडम म्हणतोस व्हय? बरं हाय, तेवढं तरी शिल्लक हाय. दोन वर्षं बायोलॉजी शिकलास माझ्या वर्गात, खिडकीकडच्या बाकावर बसायचास, अन् आज शहरातल्या त्या कुठल्याशा डोळ्यांच्या सेंटरचा माणूस होऊन माझ्याच लेकीला न्यायला आलास — डोळ्यात इंजेक्शन मारायला. ह्यांना पटलं, सासूबाईंना पटलं, लेकीनं तर कपडे भरून ठेवले परवाच. घरात एकटी मीच तेवढी वाईट. असू दे. मला सवय हाय.

मला एक सांग — त्या दिवशी सासूबाईंना काय समजावत होतास ओसरीत बसून? मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकलं. चुनखडीचं रान! माझं उदाहरण, माझ्याच घरात, माझ्याच सासूला! अरे, ते मी वर्गात सांगायचे, कारण तुम्हाला 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर' म्हटलं की डोळे पांढरे व्हायचे. मग मी म्हणायचे — येडेश्वरीच्या यात्रेला रानात देवीच्या नावानं चुनखडीचे पाच खडे वेचायला जाता ना? रान सगळ्यांना सारखंच. तसंच पेशीचं. कातडीची पेशी घ्या, डोळ्याची घ्या, काळजाची घ्या, आतला डीएनए तोच, जनुकं तीच. मग कातडीला दिसत का न्हाय? कारण डोळ्याची जनुकं तिच्यात बंद हायेत, मातीखाली दाबलेल्या खड्यांसारखी. अन् हा फॅक्टर म्हणजे कोण? एक प्रथिन. रानभर फिरणारी जाणती बाई. तिला तिचाच खडा ओळखू येतो, दुसरा न्हाय. तो दिसला की ती तिथं बसती, वरची माती सारती, बाकीच्यांना हाका मारती — या गं, इथं हाय! ती बसली की बाकीच्या गोळा होतात, जनुक वाचलं जातं, पेशी कामाला लागती. असल्या जाणत्या बाया बदलल्या की पेशीचं कामच बदलतं. बरोबर सांगितलं होतं का न्हाय? बरोबर. शब्दन् शब्द बरोबर. तुला पाठ हाय अजून. तेच तर दुखतंय मला — तू ढ असतास तर बरं झालं असतं.

अन् मग काय केलंस? म्हणालास, शास्त्रज्ञांनी चार असले फॅक्टर शोधले, कातडीच्या पेशीत घातले, पेशी आपलं कातडीपण विसरून पार पोटातल्या गर्भासारखी कोरी झाली. खरं हाय! ते पण मीच शिकवलं. पण सासूबाई काय म्हणाल्या? "देवीचे खडे पाच असतात बाबा, तुमचे चारच कसे?" साधी बाई, तिला खडे म्हटलं की पाचच ठाऊक. मी आत हसले. म्हटलं, आता हा समजावंल. तू विषयच बदललास. अन् दुसऱ्या दिवशी ह्यांना फोन करून सांगितलंस — इंजेक्शनं पाच हायेत म्हणून! एका रात्रीत पाचवं इंजेक्शन निघालं! कुठनं आणलंस रे ते? सासूच्या तोंडातनं? म्हातारीचं मन राखायला सायन्समध्ये एक खडा वाढवलास? हसू नको. हसू नको म्हणते, अंगाचा तिळपापड व्हायलाय माझ्या. त्याच दिवशी मला कळलं त्या इंजेक्शनच्या बाटलीत काय हाय. काहीच न्हाय. न्हायतर काय हाय ते तुलाही ठाऊक न्हाय — अन् ते जास्त वाईट.

कारण पुढचं तू कुणालाच सांगितलं न्हाईस. ते चार फॅक्टर पेशीत घालायला प्रयोगशाळा लागती. हजार पेशीत घातले तर बोटावर मोजण्याइतक्या बदलतात. मग त्या कोऱ्या पेशीला परत डोळ्याची वाट दाखवायची, दुसरे फॅक्टर देऊन, महिनोन्‌महिने सांभाळून. मोठमोठ्या ठिकाणी अजून चाचपडायलेत लोक, एकेका पेशंटवर जीव मुठीत धरून. अन् तुझ्या सेंटरात सोमवारी कातडी घेतात अन् शनिवारी डोळ्यात टोचतात? मधल्यामधी कोरीच राहिलेली एखादी पेशी आत गेली तर काय होतं, सांग. सांग ना, परीक्षेत लिहिलं होतंस तू. ती थांबत न्हाय. वाढत जाती. गाठ होती. माझ्या लेकीला आज नळीतनं बघितल्यासारखं का होईना, मधलं दिसतंय — भाकरीवरचा पापुद्रा दिसतो, माझं तोंड दिसतं. ते तेवढंच शिल्लक हाय. अन् तू त्यातच सुई घालायला आलास.

पाणी पी. घाम आलाय तुला.

तिचं कसं कळलं ठाऊक हाय? यात्रेतच. सातवीत होती. सगळे वाकून खडे वेचत होते, ही मात्र उभीच. म्हटलं वेच की गं. म्हणाली, मला सापडंनात. अन् खडा तिच्या पायाशी, पांढराशुभ्र, काळ्या मातीवर. मी ओरडले तिच्यावर — एवढ्या गर्दीत — नाटकं करती म्हणून. मग मीच वेचले तिच्या वाटचे, तिच्या मुठीत घातले. नंतर डॉक्टर म्हणाले पडदा वाळत चाललाय, कडेनं आत, औषध न्हाय. रातभर रडायची. मग मी काय सांगणार? मी बायोलॉजीचीच बाई. मी तिला सांगायचे — तुझ्या हाताची कातडी घेऊ, तिच्यात चार जाणत्या बाया सोडू, तिचा डोळा करू. तुझ्याच कातडीचा नवा डोळा. सांगता सांगता झोपायची. रोज तेच मागायची... तुला काय करायचंय ते? लेकराला झोपवायला सांगितलं, विकायला न्हाय! तू काय बघायलास माझ्याकडं? तुझ्यात अन् माझ्यात फरक हाय. लई फरक हाय. मी... मी म्हणायचे 'एक दिवस'. तू म्हणतोस 'शनिवारी'.

न्हाय, उठू नको. संपलं न्हाय. बरं, ऊठ. आता ऊठ, झालं माझं काम. दार वाजवून काय उपयोग — अक्षदा आत न्हाय. आतली खोली रिकामी हाय. तू यायच्या आधीच तिला मामाच्या गावाला, ईटच्या बसमध्ये बसवून दिलं मी, मामाला बरं न्हाय म्हणून. व्हय, खोटं सांगितलं. तिकीट काढलं, खिडकीला बसवलं, कंडक्टरला सांगितलं थेट ईटला उतरवा. अन् मग तुला चहा करून इथं धरून ठेवलं, लेक्चर देत, बस लांब जाईस्तोवर. हुशार पोरगा तू, पण शेवटी माझाच विद्यार्थी. मामा तिला पाठवायचा न्हाय. जा. नीघ. कप राहू दे तिथंच, उष्टं मी काढीन. परत ह्या गल्लीत ती गाडी दिसली तर काचा फोडीन, बाईमाणूस म्हणून बघू नको.

फोन वाजतोय तुझा. उचल की. उलटा का केलास? दाखव. दाखव म्हणते इकडं — अक्षदा? तुला कशाला... मघापासनं तीच करतीय व्हय? मघाचा घाम ह्या फोनचा होता? घे. बोल तिच्याशी, माझ्यासमोर.

काय म्हणती? ... उतरली? कुठं? हायवेच्या फाट्यावर? तू सांगितलंस उतरायला? मग तिचं तीच, तुझी गाडी गाठायला — कंडक्टरला काय सांगितलं तिनं... अरे, बाहेर बघ. दिवस बुडाला, कृष्णराज. ह्या उजेडात तिला तिचं पाऊल दिसत न्हाय. ट्रक दिसत न्हाय तिला कडेचा, नुसता आवाज येतो, अन् आवाज आला की ही भलतीकडंच सरकती. एकटीच हाय का? विचार. रस्त्याच्या ह्या बाजूला का त्या? ... ओलांडतीय? थांबव! थांबव तिला!

मला नको देऊ. माझा आवाज ऐकला की फोन ठेवंल, चालाय लागंल. माझं ऐकायची न्हाय ती आता. तुझं ऐकंल. सांग तिला, हाय तिथंच खाली बस. म्हण, गाडी निघालीय. म्हण, शनिवारी सगळं दिसंल. पाच इंजेक्शनं सांग, सहा सांग, काही सांग — खोटं बोल, तुला येतं की!

बोल.