लेडीज टेलरची पाटी

मला सांगा राव, सायकॉलॉजीत एम. ए. करून माणूस पुढं नेमकं काय होतो? मी घरात कितीदा विचारलं, पण ताईसकट कुणीच सांगितलं नाही.

ताईनं वाटूर फाट्यावर खोली घेऊन ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली. महिनाभर कुणी पायरी चढलं नाही, कारण चढणाऱ्या बाईला गाव वेडी ठरवणार. मग एका सकाळी तिला न विचारताच मी ती पाटी काढून ‘लेडीज टेलर’ची लावली.

“गण्या, मला साधं बटण लावता येत न्हाई!”

“तू नुसतं बोलत बस. कापड कोण बघून राह्यलंय?”

तेव्हापासून बाया येऊ लागल्या. पिशवीत ब्लाउजचं कापड आणायच्या, तासभर बोलायच्या, रडायच्या, मोकळ्या होऊन जायच्या. पण घरी नवरे विचारायला लागले, ब्लाउज कुठंय? मंग आठवी नापास मी, आईची जुनी मशीन आणून पडद्यामागं शिवायला शिकलो.

मागच्या सोमवारी ताई डेंग्यूनं गेली. दारात पंचवीस-तीस बाया हंबरडा फोडून रडत होत्या. एकीचा नवरा म्हणाला, “टेलरसाठी एवढं रडतं का कुणी? आमचीला एका ब्लाउजसाठी धा चकरा मारायला लावल्या. आत चालायचं तरी काय?”

सगळ्या बाया एकदम माझ्याकडं बघू लागल्या.

तिरडीची दोरी आवळता आवळता मी म्हणालो, “शिवताच येत नव्हतं हो तिला. बिलकुल येत नव्हतं.”