काच चढवण्याआधीच्या सतरा टिका

...नाही, पण दर नव्या साइटवर पहिल्या सकाळी मीच का उभं राहायचं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलंय, मार्लीनबाईंनीच सांगितलंय, त्या बघा, ऑफिसच्या कंटेनरच्या दारात उभ्या आहेत, आपल्या साइटच्या मुख्य... पण तुम्हाला थंडी वाजतेय, मला थंडी वाजतेय, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, ओरेस्ट ह्रिनचुक, एकतीस वर्षं या विनिपेगात काचा बसवतोय, आणि मी लोकांना सांगायचं काय, तर स्वतःची लाज. बरं, सांगतो. गेल्या जानेवारीतली.

ट्रान्सकोनाला दातांच्या डॉक्टरांची तीन मजली इमारत चालली होती. दुसऱ्या मजल्यावर एक अख्खी भिंत काचेची, का, तर दात उपटून घेताना माणसाला बाहेरचं बघता यावं. बाहेर काय आहे? बर्फ आहे आणि रेल्वेचं यार्ड आहे. पण असो. काच चढवायच्या आधी एक कागद भरायचा असतो, तुमच्याही खिशात आहे तो आत्ता. सतरा चौकटी. वारा किती, वर कुणी काम करतंय का, कठडे पक्के आहेत का, काच न्यायच्या वाटेवर भोक आहे का, असलं तर झाकलंय का, झाकण स्क्रूने आवळलंय का... आणि हे सगळं चालत जाऊन, वाकून, हाताने हलवून बघायचं. वीस मिनिटं लागतात. आता त्या दिवशी उणे अठ्ठावीस होतं. माझ्या गाडीत हीटर होता, हातात कॉफी होती, रेडिओवर दोन माणसं हॉकीवरून भांडत होती... आणि मी म्हटलं, काल संध्याकाळीच तर आपण त्या मजल्यावरून चालत गेलो, एका रात्रीत मजला जातोय कुठे? मारल्या सतरा टिका, केली सही, लिहिली वेळ, सात दहा. सुबक अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, पुढचा सगळा घोटाळा त्या अक्षराने केला. टिक मारली होती. बघितलं नव्हतं.

आता रेआल. रेआल देरोझिए, सेंट बोनिफेसच्या फ्रेंच वस्तीतला, माझा जोडीदार. चिडला की फ्रेंचमध्ये चिडतो, म्हणजे आपल्याला सोयीचं. बावीस वर्षं काचेचं एक टोक त्याच्याकडे आणि एक माझ्याकडे. साठ किलोची काच, तिला रबरी वाट्या चिकटवलेल्या, वाट्यांच्या मुठी आमच्या हातात, आणि शेवटची दहा पावलं तो उलटा चालतो, मी सुलटा. त्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून तो विचारतो. बावीस वर्षं प्रत्येक काचेला विचारतो, "ओरेस्ट, रस्ता साफ?" आणि मी म्हणतो, "साफ."

त्या दिवशीही म्हणालो.

सहाव्या पावलाला त्याचा पाय एका प्लायवूडवर पडला, भोकावरचं झाकण ते, प्लायवूड सरकलं, आणि रेआल मांडीपर्यंत खाली गेला. एक पाय वर, एक पाय भोकात, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तो सांगत नाही तुम्हाला. काच माझ्या अंगावर कलली. आणि हा माणूस, भोकात अडकलेला, चेहरा कागदासारखा पांढरा झालेला, मला म्हणतो काय, "काच सांभाळ, ओरेस्ट, काच सांभाळ." सांभाळली. लोक धावत येईपर्यंत एकट्याने धरून उभा राहिलो. सगळे म्हणाले, वा, काय माणूस आहे. पाठ थोपटली माझी. रेआलला अॅम्ब्युलन्समध्ये घालत होते आणि माझी पाठ थोपटत होते... टिक मारली होती. बघितलं नव्हतं.

मग मार्लीनबाईंनी कागद मागवला. बघितला. म्हणाल्या, "ओरेस्टने सात दहाला झाकण तपासलंय. स्क्रू होते. म्हणजे नंतर कुणीतरी काढले." बरोबरच आहे की. हिशेब अगदी सरळ. आणि नंतर त्या मजल्यावर गेला होता एकच माणूस, टिओडोरो, हवेचे नळ बसवणारा, फिलिपिन्सचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. साडेसातला माप घ्यायला गेला होता. तो म्हणाला, "बाई, मी हात नाही लावला." बाई म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत घरी बसा." त्याने डबा उचलला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि गेला. मी बुटांवरचा बर्फ झटकत होतो. बर्फ नव्हता बुटांवर.

दुसऱ्या दिवशी काय झालं सांगू? सगळ्यांना गोळा करून मार्लीनबाईंनी माझा कागद वर धरला. "कागद असा भरावा," म्हणाल्या. भिंतीला लावला. चार पिनांनी. येता-जाता मला माझंच सुबक अक्षर दिसायचं, सात दहा, सात दहा...

हॉस्पिटलात गेलो, म्हटलं रेआलला तरी सांगू. तर तो म्हणतो, "एक बरं आहे, तू बघितलं होतंस. नाहीतर मी पडल्या पडल्या तुलाच शिव्या देत बसलो असतो." मी त्याला संत्रं सोलून दिलं. मग दुसरं सोललं. पाच संत्री खाल्ली त्या माणसाने माझ्यामुळे.

आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टिओडोरोचा फोन. मला कुया म्हणतो तो, त्यांच्यात थोरल्या भावाला म्हणतात. म्हणाला, "कुया, एक विचारायचं होतं. सकाळी तुम्ही बघितलंत तेव्हा स्क्रू नक्की होते ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, तुम्ही बघितलंत म्हणजे असणारच," म्हणाला. "मग मीच काढले असतील. माप घेताना काढले असतील आणि लावायचे राहिले असतील. मला आठवत नाहीये, कुया, पण मीच असणार. तुमच्या जोडीदाराला सांगा, मला माफ कर म्हणावं."

तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर मी अजून महिनाभर गप्प बसलो असतो. तेवढा निबर आहे मी. पण हा माणूस न केलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होता, माझ्या टिकेवर विश्वास ठेवून.

सकाळी सातला मार्लीनबाईंसमोर उभा राहिलो. म्हटलं, "मी वर गेलोच नव्हतो." बाईंनी पेन खाली ठेवलं. "सतरांतल्या किती गोष्टी बघितल्या होत्या तुम्ही?" म्हटलं, "एक. वारा. गाडीच्या काचेतून." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भिंतीवरचा कागद स्वतःच्या हाताने काढा." काढला. सगळे बघत होते. चौथी पिन निघेना, नखाने खरवडत बसलो.

मग खरी चौकशी झाली. पाण्याच्या पाइपवाल्यांनी आदल्या दुपारीच झाकण उघडून नुसतं परत टेकवलं होतं. म्हणजे मी संध्याकाळी त्याच्यावरूनच चालत गेलो असेन. सकाळी कुणी वाकून हात लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. कुणी म्हणजे मी. टिक मारली होती. बघितलं नव्हतं.

टिओडोरो त्याच दिवशी परत आला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, "बरं झालं कुया, मला वाटलं माझं डोकंच गेलं." एवढंच. मला महिनाभर घरी बसवलं, ते कमीच होतं. रेआलला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाला, "आज संत्री आणू नकोस." मे महिन्यापर्यंत बोलला नाही. आता बोलतो. फ्रेंचमध्ये जास्त.

आणि मार्लीनबाईंनी ठरवलं की दर नव्या साइटवर पहिल्या सकाळी ही गोष्ट मीच सांगायची. मागच्या खेपेला, शाळेच्या साइटवर, माझं सांगून झालं. मग एका वायरिंगवाल्या बाईने खिशातून भरलेला कागद काढला, बघितला, आणि मुकाट्याने वर निघून गेली. तिच्यामागे दुसरा. मग तिसरा. अकरा जण गेले, एकमेकांकडे न बघता. सातचं काम साडेनऊला सुरू झालं, आणि मार्लीनबाई म्हणाल्या, "ओरेस्ट, आजचा उशीर तुमच्या नावावर."

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला वर जाऊन यायचं असेल तर खुशाल जाऊन या. मी इथेच उभा आहे... एक उशीर आहेच नावावर, अजून एक लागेल.